व्हिलिस्का, १९१२: गावातला की गाडीतला?

अमेरिकेतील आयोवा राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, माँटगोमेरी परगण्यात, व्हिलिस्का हे लहानसे गाव आहे. १९१२ साली तिथे दोन-अडीच हजारांची वस्ती होती. भोवती मक्याची शेते, गावात दोन-चार चर्च, अवजारांची दुकाने, आणि शिकागोहून पश्चिमेला डेन्व्हरकडे जाणाऱ्या बर्लिंग्टन रेल्वेचे स्थानक. दिवसरात्र गाड्या जात-येत. शेतमाल बाहेर जाई, दुकानांचा माल आत येई, आणि कामाच्या शोधात भटकणारी माणसेही याच गाड्यांनी उतरत आणि पुढे जात. गावातले लोक एकमेकांना चेहऱ्याने ओळखत असल्याने रात्री दाराला कुलूप लावण्याची गरज फारशी कोणाला वाटत नसे. १० जून १९१२ च्या पहाटेपूर्वी अशाच एका घरात आठ माणसे झोपेत कुऱ्हाडीने मारली गेली, त्यांत सहा मुले होती. ती कोणी मारली हे आजतागायत सिद्ध झालेले नाही.

घर जोसाया मूर यांचे. वय ४३. शेती अवजारांच्या धंद्यात त्यांनी चांगला जम बसवला होता. त्यांची पत्नी सारा ३९ वर्षांची. हर्मन ११, कॅथरिन १०, बॉइड ७ आणि पॉल ५ अशी त्यांची चार मुले. रविवार ९ जूनला प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये बालदिनाचा कार्यक्रम होता. मुलांनी म्हणायच्या कविता, छोटी भाषणे, गाणी अशा या कार्यक्रमाच्या तयारीत सारा पुढे होत्या. लीना आणि आयना स्टिलिंजर या दोघी बहिणीही त्यात होत्या. लीना १२ वर्षांची, आयना ८. त्यांचे घर गावाबाहेर शेतावर होते. अंधारात एवढे अंतर जाण्यापेक्षा रात्री मूरांकडेच राहावे असे ठरले. साडेनऊच्या सुमारास कार्यक्रम आटोपला आणि आठही जण पायी घरी आले. पाहुण्या मुलींचे अंथरूण तळमजल्यावरच्या खोलीत घातले. मूर पती-पत्नी आणि त्यांची चार मुले वर झोपली.

घर दुमजली, लाकडी, आकाराने बेताचेच. मागील दाराने कोणीतरी आत आले. दुसऱ्या दिवशी कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, वस्तूंच्या जागांवरून घटनाक्रम जुळवण्याचा प्रयत्न केला, त्यात सर्वांत लक्षात राहते ती दिव्याची गोष्ट. आत शिरलेल्याने रॉकेलचा दिवा घेतला, त्याची काच काढून खुर्चीखाली ठेवली, वात दुमडली आणि ज्योत इतकी बारीक केली की समोरचे पाऊल तेवढे दिसावे. काच नसलेला दिवा धूर सोडतो, काजळी धरतो. रॉकेलच्या दिव्यांत वाढलेल्या पिढीला हे सांगायला नको. पण त्याची काच खणखणत नाही आणि ती गळून पडण्याची भीतीही राहत नाही. हे काम आधी केलेल्या माणसाची ही सवय असावी, असा संशय पुढे बळावला.

हत्यार मूरांचीच कुऱ्हाड. बहुतेक घाव बोथट बाजूने, डोक्यावर घातलेले होते. धारेच्या बाजूचे घाव मुख्यतः जोसाया यांच्यावर होते. वरच्या खोल्यांच्या उतरत्या छतावर कुऱ्हाड उगारताना पडलेल्या खाचा दिसत होत्या. वरच्या मजल्यावर कोणी जागे झाल्याची खूण नव्हती. खाली लीनाच्या हातावर मात्र जखम होती. ती जागी झाली असावी आणि तिने हात वर केला असावा. या आठ मृत्यूंचे वर्णन वाचताना मन सर्वांत जास्त इथेच अडकते.

मारेकरी लगेच निघून गेला नाही. त्याने मृतांचे चेहरे पांघरुणांनी आणि कपड्यांनी झाकले. खण उघडून कापड काढले आणि आरशांवर व दारांच्या काचांवर टाकले. खिडक्यांचे पडदे ओढले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर रक्ताळलेल्या पाण्याचे भांडे आणि न खाल्लेल्या अन्नाची बशी सापडली. कुऱ्हाड थोडीफार पुसून खालच्या खोलीत, मुलींच्या पलंगाजवळ भिंतीला टेकवून ठेवली होती. शेजारी जमिनीवर डुकराच्या खारवलेल्या मांसाचा तुकडा होता. त्याचे काय प्रयोजन, याचा पटणारा उलगडा अजून कोणी केलेला नाही. घरात मृत्यू झाला की आरसे झाकण्याची प्रथा त्या काळी अमेरिकेत आणि युरोपात अनेक घरांत होती, म्हणून काहींनी यात पश्चात्ताप वाचला, तर काहींच्या मते स्वतःचे प्रतिबिंब टाळण्याची ती धडपड होती. चोरी झालेली नव्हती. जाताना त्याने दाराला कुलूप लावले.

सकाळी सातच्या सुमारास शेजारच्या मेरी पेकम या वयस्क बाईंना मूरांच्या घरातली शांतता खटकली. एरवी या वेळेपर्यंत चूल पेटलेली आणि मुले अंगणात उतरलेली असत. त्यांनी दार वाजवले, मूरांची कोंबडी मोकळी सोडली आणि जोसाया यांचे भाऊ रॉस यांना कळवले. रॉस यांनी आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडले, तळमजल्याच्या खोलीत डोकावले आणि ते तसेच बाहेर आले. मग गावचा मार्शल हँक हॉर्टन आला आणि घरभर फिरला. प्रत्येक अंथरुणात मृतदेह होते.

पुढचे काही तास या प्रकरणात निर्णायक ठरले. डॉक्टर आले, पाद्री आले, कॉरोनर आला. हे येणे योग्यच होते. पण त्यांच्या मागोमाग गावही आत शिरले. शंभरएक माणसे खोल्याखोल्यांतून फिरली, पांघरुणे उचलून पाहिली, वस्तू हाताळल्या. एकाने जोसाया यांच्या कवटीचा तुकडा आठवण म्हणून नेल्याची नोंद आहे. दुपारच्या सुमारास नॅशनल गार्डच्या स्थानिक तुकडीने घराला वेढा घातला, तेव्हा कुठे वर्दळ थांबली. नेब्रास्कातील बिअट्रिस गावाहून माग काढणारी कुत्री आणली गेली. ती नॉडवे नदीपर्यंत गेली आणि तिथे वास तुटला. १२ जूनला झालेल्या अंत्ययात्रेला गावाच्या लोकसंख्येहून कितीतरी अधिक माणसे लोटली होती.

घराची ही तुडवातुडव किती महाग पडली, हे समजण्यासाठी त्या वर्षीचे शास्त्र कुठवर आले होते ते पाहायला हवे. बोटांच्या ठशांचे वर्गीकरण करण्याची पद्धत बंगालमध्ये तयार झाली. एडवर्ड हेन्री या अधिकाऱ्याच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी तिची गणिती घडी बसवली, आणि १८९७ साली कलकत्त्यात ठशांचे कार्यालय सुरू झाले. तिथून ही पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेली. १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनाला आलेल्या जॉन फेरियर या स्कॉटलंड यार्डच्या माणसाकडून ती अमेरिकेत पोहोचली. कॅन्ससमधील लेव्हनवर्थच्या संघीय तुरुंगात ती रुजवणाऱ्यांत तुरुंगाधिकारी मॅक्लॉघ्री यांचा मुलगा एम. डब्ल्यू. मॅक्लॉघ्री होता. डिसेंबर १९११ मध्ये, म्हणजे व्हिलिस्काच्या सहाच महिने आधी, इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठशांच्या पुराव्यावर आधारलेली खुनाची शिक्षा कायम केली होती. म्हणजे विद्या होती आणि न्यायालयाची मान्यताही होती. हाच मॅक्लॉघ्री व्हिलिस्कात बोलावला गेला. पण तोवर त्या घरात शंभर जणांचे हात फिरले होते. संशयिताशी जुळवता येईल असा ठसा हाती लागला नाही.

तपासयंत्रणाही तोकडी होती. गावाला एक मार्शल, परगण्याला एक शेरीफ. खुनाच्या तपासात मुरलेले राज्याचे पोलीस दल नव्हते. संघीय तपास ब्युरो १९०८ पासून अस्तित्वात होता, पण गावातला खून त्याच्या अधिकारात येत नव्हता. ही पोकळी बक्षिसे आणि खासगी गुप्तहेर यांनी भरून काढली. मारेकरी पकडला जाण्यावर बक्षीस असले की संशयित शोधणे हा धंदा होतो, आणि व्हिलिस्कात तो पुढची पाच वर्षे चालला. तेव्हाच्या वर्तमानपत्रांचे आणि खटल्यांचे वाचन करताना मारेकऱ्याइतकेच या धंद्याचे चित्र समोर येते.

पहिला संशय भटक्यांवर गेला. बर्लिंग्टन रेल्वेच्या मजूर टोळीत काम करणारा अँडी सॉयर कुऱ्हाड उशाशी घेऊन झोपतो आणि खुनांविषयी फार बोलतो, असे त्याच्या मुकादमाने सांगितले. मात्र खुनाच्या रात्री तो आयोवातल्याच ऑसिओला गावात भटकेपणाच्या आरोपाखाली पोलिसांच्या ताब्यात होता, असे निघाले आणि तो सुटला. बाकीचे भटकेही असेच एकेक करून सुटत गेले. मग गावाचे लक्ष आतल्या माणसांकडे वळले.

गावात फ्रँक जोन्स हे मोठे प्रस्थ होते. अवजारांचे व्यापारी आणि राज्य सिनेटचे सदस्य. जोसाया मूर यांनी त्यांच्याकडे कित्येक वर्षे काम केले होते. १९०७ साली ते बाहेर पडले, स्वतःचे दुकान काढले आणि जॉन डीयर कंपनीची एजन्सीही आपल्याकडे घेतली. धंद्यातले वैर उघड होते. त्यात जोन्स यांच्या घरातल्या एका स्त्रीशी मूर यांचे संबंध असल्याची कुजबूज होती. जोन्स मेथडिस्ट, मूर प्रेस्बिटेरियन, त्यामुळे संशयाने चर्चही विभागली. १९१४ पासून बर्न्स गुप्तहेर संस्थेचा जेम्स विल्कर्सन या प्रकरणात होता. जोन्स यांनी विल्यम मॅन्सफिल्ड नावाच्या माणसाला पैसे देऊन हे खून करवले, असा त्याचा सिद्धांत होता. मॅन्सफिल्डची पत्नी, मूल आणि सासू-सासरे १९१४ साली शिकागोजवळच्या ब्लू आयलंड येथे कुऱ्हाडीने मारले गेले होते, त्यामुळे नाव सहज चिकटले. १९१६ मध्ये प्रकरण ग्रँड ज्यूरीपुढे गेले. व्हिलिस्काच्या खुनाच्या दिवशी मॅन्सफिल्ड इलिनॉयमध्ये कामावर होता, असे पगारपत्रकांवरून दिसले. ज्यूरीने त्याच्यावर आरोप ठेवला नाही. मॅन्सफिल्डने विल्कर्सनवर दावा लावला आणि २,२२५ डॉलर भरपाई मिळवली. जोन्स यांनीही विल्कर्सनवर बदनामीचा खटला भरला, पण तो ते हरले. त्याच वर्षीच्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांची सिनेटची जागाही गेली. त्यांच्याविरुद्ध फौजदारी आरोप कधीच ठेवला गेला नाही. तरी पुराव्याशिवायचा कलंक त्यांच्या मृत्यूनंतरही गावात टिकून राहिला.

नंतर पाळी आली लिन जॉर्ज जॅकलिन केली या इंग्लंडात जन्मलेल्या फिरत्या पाद्रीची. बुटका, किरकोळ अंगाचा आणि मनाने अस्थिर असा हा माणूस त्या रविवारी बालदिनाच्या कार्यक्रमाला हजर होता आणि स्थानिक प्रेस्बिटेरियन पाद्री युइंग यांच्या घरी उतरला होता. सोमवारी पहाटे ५ वाजून १९ मिनिटांच्या गाडीने तो गाव सोडून गेला. त्या वेळी मृतदेह सापडायचे होते, तरी गाडीत त्याने खुनांविषयी बोलल्याचे काही साक्षीदारांनी नंतर सांगितले. पण हे स्मरण बरीच वर्षे उलटल्यावरचे. खुनांनंतर सुमारे दोन आठवड्यांनी केली पुन्हा व्हिलिस्कात आला आणि स्कॉटलंड यार्डचा गुप्तहेर असल्याची बतावणी करून मूरांचे घर पाहून गेला. १९१४ साली टपालातून अश्लील मजकूर पाठवल्याबद्दल त्याला पकडून वॉशिंग्टनच्या मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. १९१७ मध्ये त्याच्यावर फक्त लीना स्टिलिंजरच्या खुनाचा आरोप ठेवण्यात आला. ऑगस्टअखेर लोगन गावच्या तुरुंगात रात्रभर चाललेल्या चौकशीनंतर त्याने कबुली दिली. बायबलमधल्या एका आज्ञेचा आवाज ऐकून आपण हे केले, असे त्याने म्हटले आणि नंतर तेही नाकारले. राज्याचे ॲटर्नी जनरल हॉरेस हॅव्हनर यांच्या पुढाकाराने खटला चालला. सप्टेंबरमध्ये पहिली ज्यूरी ११ विरुद्ध १ अशी अडकली. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. या आठ खुनांसाठी न्यायालयात उभा राहिलेला तो एकटाच माणूस. कबुली रात्रभर जागवून मिळवलेली होती आणि त्याने ती नंतर नाकारली, हे लक्षात घेता निकाल योग्य वाटतो.

या सगळ्यात एक प्रश्न मागे पडला, आणि आजच्या वाचकाला तोच आधी विचारावासा वाटतो. हे खून व्हिलिस्कापुरते होते का?

आदल्या सप्टेंबरपासून रेल्वेमार्गावरच्या गावांत असेच प्रकार घडत होते. १७ सप्टेंबर १९११ च्या रविवारी रात्री कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे शेजारशेजारच्या दोन घरांत सहा जण झोपेत मारले गेले. या गावी क्षयरोगी हवापालटासाठी येत, आणि या दोन्ही घरांचा संबंध तिथल्या एका आरोग्यधामाशी होता. मृतदेह तीन दिवसांनी, २० तारखेला सापडले. एका कुटुंबाचा प्रमुख जिवंत होता कारण तो घरी नव्हता. साहजिकच पहिला संशय त्याच्यावर गेला आणि तो पुढे सुटला. १ ऑक्टोबरच्या रविवारी पहाटेच्या सुमारास इलिनॉयमधील मॉन्मथ येथे चर्चची देखभाल करणारा माणूस, त्याची पत्नी व मुलगी मारली गेली. १५ ऑक्टोबर, पुन्हा रविवार, कॅन्ससमधील एल्सवर्थ येथे आई-वडील आणि तीन मुले. एल्सवर्थलाही कुऱ्हाड जवळपासचीच होती, दिव्याची काच काढलेली होती आणि भिंतीवरच्या टेलिफोनवर कापड टाकलेले होते. नंतर हिवाळा आणि वसंत गेला. ५ जून १९१२ च्या रात्री कॅन्ससमधील पाओला येथे एक तरुण जोडपे मारले गेले, आणि तिथेही बिनकाचेचा दिवा सापडला. त्याच रात्री पाओलात आणखी एका घरात दिव्याची काच पडल्याच्या आवाजाने माणसे जागी झाली, आणि कोणीतरी अंधारात पळाले. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी व्हिलिस्का.

पाचही गावांतून रेल्वे जाते. कोठेही चोरीचा हेतू दिसत नाही. बहुतेक ठिकाणी हत्यार तिथलेच, पडदे ओढलेले, चेहरे झाकलेले. मॅक्लॉघ्रीने १९१३ मध्ये ही साखळी हेन्री ली मूर या माणसाशी जोडली. जोसाया मूर यांच्या कुटुंबाशी त्याचे नाते नव्हते. डिसेंबर १९१२ मध्ये मिसूरीतील कोलंबिया येथे त्याने स्वतःच्या आईचा आणि आजीचा कुऱ्हाडीने खून केला आणि त्याला जन्मठेप झाली. १९११ च्या वसंतात तो कॅन्ससच्या सुधारगृहातून सुटला होता, आणि खुनांची साखळी त्यानंतरची, एवढाच मुख्य दुवा होता. मालमत्तेसाठी घरच्यांना मारणारा माणूस आणि अनोळखी कुटुंबांना हेतूविना मारणारा माणूस एकच, हे पटणे कठीण आहे. शिवाय व्हिलिस्कात त्याला पाहणारा कोणी साक्षीदार नाही.

शंभर वर्षांनंतर ही साखळी अधिक मागे नेण्याचा प्रयत्न झाला. बेसबॉलच्या आकडेवारीत नाव मिळवलेले बिल जेम्स आणि त्यांची मुलगी रेचल मॅकार्थी जेम्स यांचे ‘द मॅन फ्रॉम द ट्रेन’ हे पुस्तक २०१७ मध्ये आले. जुनी वर्तमानपत्रे धुंडाळून त्यांनी रेल्वेजवळच्या घरांतल्या कुऱ्हाडीच्या कित्येक खुनांची यादी केली. १८९८ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधील वेस्ट ब्रुकफील्ड येथे एक शेतकरी कुटुंब मारून पळालेला पॉल म्युलर नावाचा शेतमजूर या सगळ्यामागे असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्युलर कधी सापडला नाही. यादीतला प्रत्येक खून एकाच माणसाच्या नावावर टाकणे धाडसाचे आहे, कारण त्या काळी ग्रामीण अमेरिकेत कुऱ्हाड घरोघरी लाकडाच्या ढिगाजवळ पडलेली असे आणि रेल्वेही बहुतेक गावांतून जात असे. तरी सप्टेंबर १९११ ते जून १९१२ मधल्या दिव्यांच्या काचा, झाकलेले चेहरे आणि बहुतेक रविवारच्याच रात्री निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाहीत. जोन्स आणि केली यांच्यावर पाच वर्षे घालवणाऱ्या तपासापेक्षा स्थानकाच्या दिशेने पाहणारा तपास अधिक बरोबर होता, असेच उपलब्ध पुराव्यावरून म्हणावे लागते. मॉन्मथपासून कोलोरॅडोपर्यंतची टिपणे एकत्र ठेवणारे कार्यालय असते, तर पाओलानंतर निदान पुढच्या गावांना सावध करता आले असते.

या प्रकरणात लीना आणि आयना यांची नावे अनेकदा ‘दोन पाहुण्या मुली’ एवढ्यावरच संपतात. त्यांच्या आईवडिलांना सकाळी मुली घरी आल्या नाहीत म्हणून विचारपूस करायची होती. त्यांच्यापर्यंत गेली ती मृत्यूची बातमी.

मूरांचे घर पुढे अनेक मालकांकडे गेले. त्यात नळ आले, वीज आली, खोल्यांत फेरफार झाले. १९९४ मध्ये डार्विन आणि मार्था लिन या दांपत्याने ते विकत घेतले आणि जुन्या छायाचित्रांच्या व साक्षींच्या आधारे १९१२ च्या स्थितीला परत नेले. नंतरचे नळ आणि वीज काढून टाकण्यात आली. १९९८ मध्ये घराची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. आता तिथे दिवसा पर्यटक येतात आणि काही जण पैसे भरून रात्र काढतात. वरच्या खोल्यांत मुलांचे पलंग आहेत, उतरते छत आहे, आणि उजेडासाठी रॉकेलचे दिवे आहेत.